नियोजनाचं ॲप: घरच्यांना उघडता आलं तरच कामाचं



सध्या दोन-चार दिवसाआड कुणाचा तरी फोन येतो, "दादा, नियोजनाला कुठलं ॲप चांगलं?" विचारणारे बहुतेक तिशी-पस्तिशीतले. कुणाला नवीन बाग लावायची आहे, कुणाला शेततळं करायचं आहे, कुणी गोठा बांधतोय. प्रश्न चांगला आहे, पण त्याला माझ्याकडं एका नावाचं उत्तर नाही. उलट मीच त्यांना विचारतो, "तू आठ दिवस घरी नसलास तर ते ॲप घरात कोण उघडणार?" बरेच जण इथंच गप्प होतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्यासारख्यांसाठी नियोजनाचं साधन जितकं साधं तितकं चांगलं. बांधावर उभं राहून, नेट नसताना, दहा सेकंदांत उघडलं पाहिजे. मराठीत लिहिता आलं पाहिजे. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर तेच दिसलं पाहिजे. आणि उद्या ते ॲप सोडायचं म्हटलं तर आपला माल, म्हणजे आपलं लिहिलेलं, बाहेर काढता आलं पाहिजे. यात बसत नाही ते कितीही देखणं असो, माझ्या फोनवर राहत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. शेतकऱ्याची नियोजनं दोन जातीची असतात आणि दोन्हीला एकच साधन लावायला गेलं की घोळ होतो.

एक जात हंगामाची. दरवर्षी तेच काम, फक्त तारीख बदलते. द्राक्षाची फळछाटणी झाली की पेस्टिंग, फेलफूट काढणं, डिपिंग, विरळणी हे सगळं दिवसांच्या हिशोबानं पाठोपाठ येतं. दुसरी जात एकदाच करायच्या कामाची. शेततळं, विहिरीवरचं सोलर, पोरीचं लग्न, घराचा स्लॅब. यात दिवसांपेक्षा क्रम महत्त्वाचा. कशाच्या आधी काय, कोण करणार, कागद कुठला लागतो.

पहिल्या जातीला तक्ता लागतो, दुसऱ्या जातीला यादीच्या पोटात यादी. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

यादीच्या पोटात यादी म्हणजे काय, ते द्राक्षवाल्याला समजावून सांगायची गरज नाही. वेलीकडं बघा. एक खोड, त्याला ओलांडे, ओलांड्याला काड्या, काडीला घड. खोड म्हणजे आपलं मोठं काम. ओलांडे म्हणजे त्याचे चार-पाच भाग. काडी म्हणजे प्रत्यक्ष करायचं काम. घड म्हणजे त्या कामातली बारीक गोष्ट: फोन नंबर, माप, किंमत. इंग्रजीत अशा सॉफ्टवेअरला आऊटलायनर म्हणतात. एखाद्या ओळीवर बोट लावलं की तिच्या पोटातल्या ओळी मिटतात, पुन्हा लावलं की उघडतात. एवढंच त्याचं काम, पण फार उपयोगाचं. कारण मोठं काम अंगावर येतं ते सगळं एकदम दिसतं म्हणून. ओलांडे मिटवून ठेवले की फक्त आजच्या काड्या दिसतात.

शेततळ्याचंच उदाहरण घेऊ, कारण आमच्या भागात सध्या ते सगळ्यात जास्त चाललंय. खोड: शेततळं. पहिला ओलांडा कागदांचा: सातबारा, आठ-अ, शेतकरी ओळख क्रमांक, बँक पासबुक, महाडीबीटीवरचा अर्ज आणि त्याचा क्रमांक. दुसरा खोदाईचा: जागा ठरवणं, आखणी, मशीनवाल्याची तारीख, निघालेली माती कुठं टाकायची. तिसरा अस्तरीकरणाचा. चौथा पाणी आत येण्याचा आणि जादा पाणी बाहेर जाण्याचा. पाचवा कुंपणाचा.

आता तिसऱ्या ओलांड्याच्या काड्या बघा. कागद अंथरण्याआधी तळ आणि उतार साफ करणं, टोकदार दगड आणि मुळ्या वेचणं, उतार चोपून घेणं. मग वरच्या कडेनं चर काढणं, कारण कागदाची कड त्या चरात पुरून दाबावी लागते, नाहीतर वारं आत शिरतं. मग ५०० मायक्रॉनचा कागद, मग जोड चिकटवणारा माणूस, मग जोड तपासणं. यातलं "दगड वेचणं" ही ओळ लिहिलेली नसेल तर काय होतं ठाऊक आहे? कागदवाला सकाळी गाडी घेऊन दारात उभा असतो आणि आपण बायामाणसं शोधत फिरतो. घाईघाईत दोन तासांत दगड वेचल्यासारखं करायचं आणि पुढची सगळी वर्षं तळ्याचं पाणी का उतरतंय म्हणून डोकं खाजवत बसायचं.

आणि कुंपण. कुंपण हा वेगळा ओलांडा मी मुद्दाम ठेवायला सांगतो, अस्तरीकरणाच्या पोटात घालू नका. पोटात गेलेली ओळ मिटली की दिसत नाही आणि पैसे संपत आले की सगळ्यात आधी तीच कापली जाते. प्लॅस्टिकच्या तळ्यात पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही, कागदाला धरायला काही नसतं. दरवर्षी पेपरात बातम्या येतात, बहुतेक लहान पोरांच्या. म्हणून "पाणी सोडणं" ही काडी कुंपणाच्या आणि दोरखंड बांधण्याच्या खाली लिहायची. वरच्या दोन ओळींवर बरोबरची खूण नसेल तर पाणी सोडायचं नाही. यादीचा क्रम म्हणजे कामाचा क्रम, हे घरात सगळ्यांना माहीत पाहिजे.

यासाठी कुठलं ॲप? वर्कफ्लोई आहे, डायनालिस्ट आहे. दोन्ही निव्वळ यादीत यादी, दुसरं फारसं काही नाही. बटणं इंग्रजीत, पण दोन-तीनच लागतात: आत ढकलणं, बाहेर काढणं, मिटवणं. वर्कफ्लोई फुकटात ठरावीकच ओळी देतं, पुढं पैसे लागतात. आपल्या एका कामाला पन्नास-साठ ओळी पुरतात, त्यामुळं त्याची अडचण नाही. ज्याला हेही नको त्यानं गुगल कीप घ्यावं. त्यात खुणेच्या चौकोनांची यादी होते आणि ओळ उजवीकडं ओढली की वरच्या ओळीच्या पोटात जाते. फक्त एकच पायरी जाते, त्याच्या आत आणखी नाही. म्हणजे कीपमध्ये ओलांडा आणि काडी मिळते, घड त्याच ओळीत लिहायचे. मला विचाराल तर दहातल्या आठ कामांना तेवढं पुरतं. तीन पायऱ्यांच्या खाली जाणारी यादी बघितली की मी समजतो, हा गडी काम करायच्या ऐवजी यादीच सजवत बसलाय.

जाता जाता एक गंमत. माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं सांगितलं आणि मग व्हिडिओही दाखवला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला ९ डिसेंबर १९६८ ला डग्लस एंगेलबार्ट नावाच्या माणसानं हजारभर लोकांसमोर कॉम्प्युटर चालवून दाखवला. आज आपण माऊस म्हणतो तो लोकांनी पहिल्यांदा तिथं बघितला. आणि यादीत यादी कशी करायची हे दाखवायला त्यानं काय घेतलं असेल? बाजाराची यादी! फळं एकीकडं, डबाबंद वस्तू एकीकडं, ओळी उचलून या गटातून त्या गटात. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि उदाहरण घरच्या पिशवीचं. मला तो माणूस तिथंच आवडला.

आता दुसरी जात, हंगामाची. इथं मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण खरा पैसा इथं अडकलेला असतो.

गुगल शीट फुकट आहे आणि मोबाईलवर चालते. अगदी वर एका चौकटीत छाटणीची तारीख टाका. खाली पहिल्या रकान्यात दिवस, दुसऱ्यात काम, तिसऱ्यात तारीख. तिसऱ्या रकान्यात हातानं तारीख लिहायची नाही. बरोबरचं चिन्ह, छाटणीच्या तारखेची चौकट, अधिक, दिवसांची चौकट. झालं. छाटणीच्या चौकटीच्या नावात अक्षराआधी आणि आकड्याआधी डॉलरचं चिन्ह घाला, म्हणजे सूत्र खाली ओढलं तरी ती चौकट जागची हलत नाही. चार प्लॉट असतील तर शीटच्या चार प्रती करा आणि प्रत्येकात फक्त वरची तारीख बदला. पावसानं छाटणी सहा दिवस पुढं गेली? एक तारीख बदला, खालच्या पंचवीस आपोआप सरकतात.

एक खाचखळगा आहे. शीटची भाषा-देशाची सेटिंग अमेरिकेवर असेल तर ती महिना आधी आणि दिवस नंतर धरते. तुम्ही ५ ऑक्टोबरची छाटणी ५/१० लिहिली की ती १० मे समजते आणि पुढचं सगळं वेळापत्रक उन्हाळ्यात जातं. शीटच्या सेटिंगमध्ये जाऊन देश भारत करा. आकडे इंग्रजीतच टाका, कामाची नावं बिनधास्त मराठीत लिहा. आणि त्या फाइलला "ऑफलाइन उपलब्ध" करून ठेवा, नाहीतर बागेत गेल्यावर रेंज शोधत टाकीवर चढावं लागतं.

आता कृषी पदवीधर मंडळी म्हणतील, दिवसांवर कुठं बाग चालते का? बरोबर आहे. थंडी लवकर पडली की फूट मागं राहते. पेस्टिंग छाटणीनंतर दिवस-दोन दिवसांत करायचं, ते तारखेवर ठीक आहे. पण पुढचं डिपिंग तारखेवर नाही, मण्याच्या मिलिमीटरवर ठरतं. म्हणून माझ्या शीटमध्ये चौथा रकाना आहे, "काय दिसलं पाहिजे". पोपटी रंगाचे घड, पन्नास टक्के फुलोरा, मणी ३ ते ४ मिलिमीटर, मण्यात पाणी उतरलं, असं. तारीख आपल्याला बागेत जायला सांगते, काम करायचं की नाही ते चौथा रकाना सांगतो. तारीख आली आणि मणी लहान आहे, तर परत फिरायचं आणि दोन दिवसांनी यायचं.

पाचवा रकाना "प्रत्यक्ष कधी केलं". हा रकाना बरेच जण रिकामा ठेवतात. अहो, पुढच्या वर्षीचं नियोजन यातूनच निघतं! ठरवलेली तारीख आणि केलेली तारीख यात दरवेळी कुठं अंतर पडतं ते दोन वर्षांत दिसायला लागतं. माझ्याकडं विरळणीला दरवर्षी चार-पाच दिवस उशीर होतो, कारण त्या आठवड्यात साऱ्या गावाला बाया एकदमच हव्या असतात. आता विरळणीच्या टोळीला सांगायची ओळ छाटणीच्या दिवशीच येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचा तक्ता फवारणीचा. तारीख, औषध, प्रमाण, आणि त्या औषधाचा काढणीपूर्व कालावधी किती दिवसांचा. पुढच्या चौकटीत फवारणीची तारीख अधिक ते दिवस. म्हणजे "याच्या आधी तोड नको" ही तारीख समोर येते. मॅक्स नावाचं एक सूत्र आहे, ते रकान्यातली सगळ्यात उशिराची तारीख काढून देतं. ती शीटच्या डोक्यावर लाल रंगात ठेवा. व्यापारी बागेत उभा राहून "दादा, चार दिवस आधी तोडू, दर चांगला आहे" म्हणतो, तेव्हा तोंडी वाद घालायची गरज पडत नाही, मोबाईल दाखवायचा. निर्यातवाल्यांनी कालावधीचे दिवस डब्यावरचे न घेता मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या परिशिष्ट ९ च्या यादीतले घ्यावेत, आणि त्या त्या हंगामाचीच यादी घ्यावी. मागच्या वर्षीची शीट तशीच पुढं ओढली तर औषधाचे दिवस जुने राहतात. एवढं एक काम दर हंगामाला नव्यानं करायचंच.

इथं सल्लागार साहेबांना एक विनंती आहे, थोडी रागानं केली तरी चालेल. तुम्ही आम्हाला शेड्यूल पाठवता ते फोटोत. छापलेल्या कागदाचा फोटो, व्हॉट्सॲपवर, बऱ्याचदा तिरका. फोटोतली तारीख सरकत नाही हो! पाऊस आला की आम्ही बोटं मोजतो. फोटोतलं औषधाचं नाव दुकानात झूम करून वाचतो, शेवटचं अक्षर पुसट. तुमच्याकडं ते कॉम्प्युटरवर असतंच की. दिवसांच्या रकान्यासकट शीट पाठवा. "कुणी ढापेल" ही भीती असेल तर फक्त बघायची परवानगी द्या. शेड्यूलमध्ये तुमचं ज्ञान आहे हे मान्य, पण आमच्या हातात ते हलवता येईल अशा रूपात आलं तरच बागेत उतरतं.

मघाशी घरच्यांचं बोललो, ते उगाच नाही. आमच्या शिवारातल्या एका बागायतदाराची गोष्ट सांगतो, त्यांना विचारूनच. चार एकर बाग. माणूस हुशार, नोंदी चोख. पैसे भरून घेतलेलं मोठं ॲप, त्यात कामांचे रंगीत पट्टे, टक्केवारी, सगळं. ऐन फुलोऱ्यात मोटरसायकल घसरली आणि ते सतरा दिवस दवाखान्यात. पहिले तीन दिवस तर शुद्धीचा भरवसा नव्हता. फुलोऱ्यातले सतरा दिवस म्हणजे काय ते द्राक्षवाल्याला सांगायला नको. त्यात ढगाळ हवा, डावणीचं वातावरण.

आम्ही चार-पाच जण फवारणी करायला गेलो. ट्रॅक्टर होता, ब्लोअर होता, औषधाची खोली भरलेली होती. शेवटचं औषध कुठलं गेलंय, कधी गेलंय, पुढं काय ठरलंय, कुणालाच माहीत नाही. फोन वहिनींच्या हातात, पण बोटाच्या ठशानं उघडणारा. पोरानं पुण्याहून पासवर्ड शोधून सांगितला, तर आत सगळं इंग्रजीत आणि त्यांनी स्वतःच पाडलेल्या लघुरूपांत. वहिनी शहाण्या बाई, बचत गटाचा हिशोब त्यांच्याकडं असतो. तरी त्यांना त्यातलं एक अक्षर लागेना, आणि आम्हालाही लागेना. शेवटी आम्ही खोलीमागच्या ढिगातून रिकामे पुडे आणि बाटल्या काढल्या, कुठला ओला, कुठला वाळलेला, त्यावरून अंदाज बांधला. सांगायला लाज वाटते, पण असंच केलं. बाग वाचली. पण त्या सतरा दिवसांच्या फवारण्यांची धड नोंद नव्हती, निर्यातदारानं कागद मागितला तो देता आला नाही, आणि माल स्थानिक बाजाराला गेला.

आता ते घरी आहेत, काठी घेऊन बागेत फिरतात. मला म्हणाले, "नियोजन पक्कं होतं रे, पण ते फक्त माझंच होतं." त्यांच्या घरी आता वहिनींच्या फोनवर कीपमध्ये एक पान आहे, मराठीत, सगळ्यात वर चिकटवलेलं. शेवटची फवारणी कुठली, पुढची कुठली, औषध कुठल्या फळीवर, सल्लागाराचा नंबर, पाणी किती तास. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी दोघं मिळून बघतात.

कीपमध्ये हे सोपं आहे. पानावर दुसऱ्याचा जीमेल पत्ता जोडला की दोघांच्या फोनवर तेच पान. एकानं खूण केली की दुसऱ्याला दिसते. लिहायचा कंटाळा असेल तर कळफलकावरचा माईक दाबून मराठीत बोला, बऱ्यापैकी बरोबर लिहितो. "डावणी"चं कधी कधी "डाव नी" करतो, तेवढं चालवून घ्यायचं. ट्रॅक्टर चालू असताना मात्र बोलू नका.

एक पान आणखी करून ठेवा, "गारपीट झाली तर". विमा असेल तर स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. गारा पडून गेल्यावर माणसाचं डोकं चालत नाही. त्या वेळी पॉलिसी क्रमांक, गट नंबर, सूचना कुठं द्यायची तो नंबर आणि कुठल्या कोपऱ्यातून फोटो काढायचे हे सगळं आधीच लिहिलेलं असलं पाहिजे.

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकणारे पुष्कळ आहेत. २०२२ पासून ती सोय त्यांनीच रीतसर दिली आहे. आठवण पटकन टिपायला उत्तम. पण नियोजन म्हणून त्यावर विसंबू नका. ते पाटातलं पाणी आहे, पुढं गेलं की गेलं. रात्री बसून त्यातलं कामाचं उचलून यादीत टाकायचं.

ट्रेलो नावाचं एक आहे, त्यात पाट्या असतात: करायचं, चालू आहे, झालं. पत्ता उचलून या पाटीतून त्या पाटीत. घर बांधताना गवंडी, प्लंबर, लाइटवाला असे पाच-सहा जण असतील तर बरं पडतं. शेताला मला ते जमलं नाही, कारण आपली कामं "झालं"मध्ये जाऊन बसत नाहीत, पुन्हा उगवतात. तणासारखी.

शेतीची म्हणून जी खास ॲप निघालीत त्यांचं मी वेगळंच धरतो. काही चांगली आहेत. पण ज्यात सल्ल्याला चिकटून औषधाचं दुकान आहे, त्यात माझ्या नोंदी ठेवायला माझा हात धजत नाही. माझ्या बागेत डावणी कधी येते हे दुकानदाराला माझ्याआधी कळायची काय गरज?

आणि ॲप कायम राहील असं धरून चालू नका. वंडरलिस्ट नावाचं यादीचं ॲप जगभर लाखो लोक वापरत होते. मायक्रोसॉफ्टनं ते २०१५ ला विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. लोकांना याद्या उचलून दुसरीकडं न्याव्या लागल्या. एव्हरनोटनं २०२३ च्या डिसेंबरात फुकटवाल्यांना पन्नास नोंदींवर आणून ठेवलं. कंपनी आहे, तिचा धंदा आहे, ती करणारच. गुगलचंही उद्या काय होईल कोण सांगणार. म्हणून हंगाम संपला की शीट एक्सेलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर आणि पोराच्या कॉम्प्युटरवर अशा दोन ठिकाणी ठेवा. फवारणीचा तक्ता तर छापूनच घ्या, झेरॉक्सवाला दहा-वीस रुपयांत देतो. ज्या ॲपमधून असं उतरवून घेता येत नाही त्यात पहिली ओळसुद्धा लिहू नका.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा वही काय वाईट? काहीच वाईट नाही. माझ्या वडिलांची १९८७ ची डायरी अजून घरात आहे आणि त्यात पाणी किती तास दिलं ते स्वच्छ वाचता येतं. वहीला चार्जिंग लागत नाही. ज्याच्या घरी वही रोज लिहिली जाते आणि ती कुठं असते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यानं वहीच ठेवावी, माझं ऐकू नये. अडचण दोन ठिकाणी येते. एक, तारखा सरकल्या की वहीत खाडाखोड होते. आणि दुसरी, वही घरात आणि माणूस बागेत. म्हणून मी तारखांना शीट, एकदाच्या कामांना यादी, आणि घरच्यांसाठी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर, असं तिन्ही ठेवलंय. कॅलेंडरवर फक्त मोठ्या तारखा, लाल पेनानं, आमच्या मंडळींच्या अक्षरात. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

नवीन सुरू करणाऱ्यानं एकदम सगळं फोनवर चढवू नये. एकच काम घ्या, यंदा जे डोक्यावर बसलंय तेच. आधी कागदावर खोड आणि ओलांडे काढा, पाचाच्या वर नकोत. मग फोनवर घ्या. प्रत्येक ओलांड्याच्या पहिल्या काडीसमोर माणसाचं नाव आणि तारीख लिहा. नाव नसलेली ओळ म्हणजे "बघू नंतर", ती सरळ काढून टाका. मग तो फोन बायकोच्या, नाहीतर म्हाताऱ्याच्या, नाहीतर पोराच्या हातात द्या आणि काही न सांगता विचारा, "उद्या काय करायचंय?" त्यांना अर्ध्या मिनिटात सांगता आलं तर ॲप बरोबर निवडलंय. नाही सांगता आलं, तर ते काढून टाका आणि त्याहून साधं घ्या.

माझी फळछाटणीची कोरी शीट मराठीत तयार आहे, चौथ्या रकान्यासकट. औषधांची नावं त्यात मुद्दाम ठेवलेली नाहीत, ती ज्याची त्यानं आपल्या सल्लागाराकडून भरायची. ज्याला हवी त्यानं प्लॉट किती आणि वाण कुठलं तेवढं कळवा, रविवारी बसून पाठवतो. सोमवारपासून खालच्या प्लॉटची पानगळ आहे, मग आठ दिवस फोन उचलणं होणार नाही.